आजी बघायला आलेले पाहुणे

डॅन्यूब नदीच्या मुखाशी, सुलिनात, आम्ही होडीवाले पेलिकन पक्ष्याला आजी म्हणतो. गळ्याखाली लोंबणारी पिशवी एकदा बघितली की कारण विचारावं लागत नाही. बुखारेस्टच्या लिविउ साहेबांनी हा शब्द कुठल्याशा पुस्तकात वाचला आणि शहाणपणा दाखवायला आमच्याकडे खोली ठरवताना फोनवर वापरला. मी तेव्हा होडी घेऊन कालव्यात होतो. फोन घेतला माझ्या सासूबाईंनी. अगाफिया नाव, वय त्र्याऐंशी, जीभ तिखट. संध्याकाळी त्यांनी सगळं संभाषण मला शब्दन्शब्द ऐकवलं.

"तुमच्याकडे आजी बघायला मिळेल ना?"

"मिळेल की! जातेय कुठे?"

"सकाळी दिसते?"

"सहापासून फाटकापाशी, बाकावर."

"जवळ जाऊ देते का?"

"हात धुऊन आलात तर."

"आणि खाते काय?"

"मासे. दात नाहीत, त्यामुळे नुसतं गिळायचं."

"तेरेंती, राजधानीतून माणसं येतायत," सासूबाई मला म्हणाल्या. "खास मला बघायला!"

ती आजी वेगळी, हे सांगायला मी तोंड उघडलं. सासरे गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून म्हातारी फाटकाबाहेर पडली नव्हती. आता ती लग्नातल्या रुमालाला इस्त्री करत होती. बायकोने मला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांगितलंस तर जेवण बंद!"

शनिवारी पाहुणे धक्क्यावर उतरले. साहेबांच्या कॅमेऱ्याचं भिंग बादलीएवढं. मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे एवढा प्रवास एका म्हातारीसाठी?"

"उद्या शंभर पेलिकन दाखवतो, साहेब. आज फक्त तिला कळू देऊ नका."

"मी खोटं बोलत नाही," साहेब ताठ होऊन म्हणाले. त्यांच्या बायकोने, ओर्तान्साबाईंनी, कपाळावर हात मारला.

वाटेत समुद्रावरून परतणाऱ्या गाईंनी रस्ता अडवला. तेवढ्यात मी आणखी दोनदा विनवलं, पण साहेब गाईंपेक्षाही हटवादी निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाटकापाशी डोक्याला तो रुमाल बांधून सासूबाई कुंपणापलीकडच्या शेजारणीवर ओरडत होत्या. "परास्किवा! तुझे पाहुणे वाळूत लोळायला येतात. माझे बघ!"

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा बाई, खरं सांगायचं तर आम्ही..."

सासूबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "माहितीये रे बाळा, बोटीत पाय आखडतात. पण आलास. आमचे हे गेल्यापासून या घरी जो येतो तो पक्षी बघायला. माझ्याकडे कोण बघतंय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे पाहिलं. ओर्तान्साबाईंनी नवऱ्याच्या पायावर पाय दिला, तोही चांगला टाचेने. पण त्याची गरज नव्हती. साहेब भिंगावरचं झाकण काढून गुडघ्यावर बसले होते.

"खरं सांगायचं तर," कधी खोटं न बोलणारा तो माणूस म्हणाला, "आम्ही आजी बघायलाच आलो होतो."