‘अपीच’चा दुसरा दाखला

जुन्या इंग्रजीत ‘अपीच’ नावाचं एक क्रियापद होतं. एखाद्यावर आरोप करणे, त्याच्याविरुद्ध वर्दी देणे. पूर्वी लोक एकमेकांना राजद्रोहाबद्दल अपीच करत. आता तो शब्द मेला. आमच्या इंग्रजी-मराठी कोशात ही नोंद माझ्या नणंदेने केली. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, तरी सांगते, नोंद झकास होती. जुन्या पुस्तकांतले दोन दाखले मिळाल्याशिवाय आमच्याकडे अर्थ छापत नाहीत. तिने ते शोधलेच, वर वाचकांसाठी एक वाक्य स्वतः रचलं: ‘त्याने सख्ख्या भावाला अपीच केले आणि संध्याकाळी त्याच्याचकडे जेवायला गेला.’

आमचा कोश छापून व्हायच्या आतच दुसऱ्या एका प्रकाशकाच्या कोशात हे वाक्य काना-मात्रेसकट आलं. संपादक तडक तिच्या टेबलाशी आले.

“बाई, नोंदी बाहेर कुणी विकल्या ते कळलंय मला. उद्यापासून येऊ नका.”

सगळ्यांच्या माना वर झाल्या. नणंद पांढरीफटक पडली आणि मुकाट टेबलावरचे कागद आवरायला लागली. घरी माझ्या एका शब्दाला दहा ऐकवणारी ही! मी उठले.

“सर, दाखला?”

“कसला दाखला? सगळे म्हणतायत.”

“‘सगळे म्हणतात’ असं लिहिलेली माझी नोंद तुम्हीच परत केली होतीत. मेलेल्या शब्दाला दोन दाखले लागतात. ही तर जिवंत बाई आहे.”

कुणीतरी हसू दाबायला खोकलं.

“वाक्य तिचं आहे. हा घ्या एक,” संपादक म्हणाले.

“घेतला. दुसरा मी देते. कोशावरच्या व्याख्यानात हेच वाक्य तुम्ही रंगवून सांगितलंत. लोक हसले, म्हणून पुन्हा सांगितलंत. तो प्रकाशक पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होता. मी त्याच्या शेजारीच होते.”

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस वाईट नाही. टाळ्या पडल्या की भान सुटतं, एवढंच.

“दोघी जरा केबिनमध्ये या,” ते हळूच म्हणाले.

“आरोप इथे केलात. मग केबिन कशाला?”

क्षणभर वाटलं, आता माझीही नोकरी गेली. पण त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. “बाई, चुकलो. जीभ माझी सैल सुटली आणि नाव तुमचं घेतलं. उद्या वेळेवर या.”

मघाशी न रडलेली नणंद आता घळाघळा रडली.

घरी जाताना ती म्हणाली, “वहिनी, मला कळत नाही. घरी तर तू माझ्या भाजीलासुद्धा नावं ठेवतेस.”

“ठेवते ना,” मी म्हणाले. “पण खाऊन ठेवते.”