बारा मिलिमीटर

गोपाळरावांची उंची जुळत नव्हती, आणि तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रकार पहिलाच.

प्रताप नगरापलीकडच्या नव्या लेआउटला नळ यायचे होते, म्हणून जमीन कुठे किती उंच याची मोजणी चालली होती. सकाळी बेंचमार्कच्या, म्हणजे उंची आधीच ठरलेल्या, दगडावरून निघायचं, लेआउटभर ठोकलेल्या खुंट्यांवर पट्टी धरून दुर्बिणीतून आकडे वाचत हिंडायचं आणि दुपारी त्याच दगडावर परतायचं. दगड काही जागचा हलत नाही. तरी तीन दिवस रोज दुपारी तो बारा मिलिमीटर खाली गेलेला असायचा.

"सोमवारपर्यंत जुळवा, नाहीतर ओमप्रकाशला पाठवतो," साहेब म्हणाले. ओमप्रकाश गोपाळरावांच्याच हाताखाली शिकलेला! हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

चौथ्या सकाळी ते दुर्बीण सोडून थेट दगडापाशी गेले. दगडाला कोणीतरी शेंदूर फासला होता, वर ताजं झेंडूचं फूल. पट्टी धरणारा खलाशी देवाजी तिच्याखाली आपल्या दुपट्ट्याची जाड घडी ठेवत होता.

"हे काय देवाजी?"

"देवाच्या डोक्यावर पट्टी कशी टेकवू जी? लागते ना त्याले."

"आणि दुपारी?"

"दुपारी दुपट्टा डोक्याले बांधून राह्यते. ऊन का कमी हाय? देवाले समजते तेवढं."

गोपाळरावांनी कपाळावर हात मारला. समजावलं, दटावलं, देवाजी ढिम्म. "मंग तुमीच ठेवा जी," म्हणाला.

गोपाळराव पक्के नास्तिक. कचेरीतल्या सत्यनारायणाला वर्गणी न देणारे एकटेच. त्यांनी पट्टी हातात घेतली, दगडाकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं आणि पट्टी परत केली. चौदा महिन्यांवर पेन्शन आली होती, उगाच कशाला!

मग त्यांनी आपली हॅट देवाजीच्या डोक्यावर चढवली. "दुपट्टा दोन्ही वेळेला ठेव," म्हणाले, आणि मे महिन्याच्या उन्हात स्वतः बोडके फिरले. दुपारी फरक आला शून्य.

सोमवारी साहेबांनी वही ओमप्रकाशपुढे नाचवली. "बघ, मोजणी म्हणतात ती ही!"

गोपाळराव हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्हीकडे दुपट्टा म्हणून शेवट जुळला होता. मधल्या खुंट्यांवर दुपट्टा नव्हता, त्यामुळे त्यातली प्रत्येक मात्र बारा मिलिमीटर खालीच लिहिली गेली होती. काल-परवापर्यंत चूक निदान दिसत तरी होती. आता सांगावं, तर आधी दुपट्टा सांगावा लागणार, आणि मग पट्टी परत का केली तेही.

"मले बी शिकवा ना जी असं," ओमप्रकाश म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला.

गोपाळरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पेन मागितलं आणि वहीवर सही केली.