व्हॅनशिवाय येणारे

म्हातारा नेहमीसारखा चालत आला, कठड्याला धरून जिना चढला आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीपाशी थांबला. खुर्चीत भलतीच एक बाई होती. तिच्या हातात सुया टोचलेल्या होत्या आणि डायलिसिसचं मशीन सुरू होतं.

"ही माझी जागा आहे."

सिस्टरने स्क्रीनवर पाहिलं. "काका, आजपासून नवं वेळापत्रक लागलंय. त्यात तुमचं नावच दिसत नाही."

"मी जिवंत आहे ना? की तेही तिथेच बघायचं?"

त्याला धाप लागली होती. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आली होती. आज मशीन मिळालं नाही, तर अंगातलं पाणी छातीत चढणार हे दोघांनाही ठाऊक होतं. वेळापत्रक ज्याने केलं त्याला सिस्टरने खालच्या मजल्यावरून बोलावून घेतलं. वर आला तो म्हाताऱ्याचा जावई.

"वाटलंच," म्हातारा म्हणाला. "या, जावईबापू. काढून टाकलंत एकदाचं?"

"बाबा, इथे तमाशा नको. कारणाशिवाय कोणी गळत नाही."

"म्हणजे चूक माझीच!"

जावई सिस्टरच्या जागी बसला. स्क्रीनवर एका तक्त्यात सगळे पेशंट होते, दुसऱ्यात व्हॅनने येणारे. पेशंटचा क्रमांक धरून त्याने दोन्ही जोडली होती आणि दोन्हीकडे सापडले तेवढेच लोक ठेवले होते. पेशंटना ने-आण करणारी केंद्राची व्हॅन फुकट होती, ती नाकारणार कोण? नाकारणारा एकच माणूस त्याला माहीत होता. त्या व्हॅनमध्ये जागा जावयाने देऊ केली, एवढ्याच कारणावरून तो हट्टाने पायी यायचा. आणि त्या माणसाचा विचारच करायचा नाही, असं जावयाने घरी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्याने जोडणी बदलली. आता पेशंट सगळे राहतील आणि व्हॅन नसेल तिथे रकाना कोरा राहील. म्हाताऱ्याची ओळ परत आली. तिच्याबरोबर आणखी चार ओळी आल्या.

सिस्टर त्याच्या खांद्यावरून वाकली. "या चौघांना आज कोणी बोलावलंच नसेल. मी फोन लावते. काकांना राखीव मशीनवर घेते. डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"मी?"

"मग काय, व्हॅनचा ड्रायव्हर देणार?"

सुया लागल्या, नळ्या लाल झाल्या. म्हाताऱ्याची धाप हळूहळू ओसरली. जावई त्याच्या पायांशी उभाच होता.

"घरी जाताना चक्कर येते तुम्हाला. व्हॅनचा रकाना कोरा आहे, नाव घालू का?"

"कोराच राहू द्या."

"तुमच्या मुलीला काय सांगू?"

"सांगा, सापडला." म्हाताऱ्याने डोळे मिटले. "पण शोधलं सिस्टरने, हेही सांगा."