झांजवालीचे बूट

आमच्याकडे बूट शिवले जातात. खाली दुकान, वर दोन खोल्यांत आम्ही. कापायचं काम ह्यांचं, शिवणयंत्र माझं. सूनबाई गेल्या वर्षी घरात आली ती लॅपटॉप घेऊन, पण ह्यांच्या लांबलचक टेबलावर त्याला जागा काही मिळाली नाही. "इथं डिंक सांडतो," हे म्हणायचे. त्यामुळे पोर कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून, मांडीवर यंत्र घेऊन काम करायची.

मग शाळेच्या बँडची ऑर्डर आली. पुढच्या महिन्यात एका रविवारी मैदानावर संचलन होतं आणि सगळ्यांना एकसारखे लाल बूट हवे होते. बँडमास्तर म्हणाले, "पन्नास-साठ पोरं असतील. आणि कातडं उरलंच, तर माझ्या ढोलांना पट्टे करून द्या की!"

ह्यांच्या हातात दुसरं काम होतं, म्हणून मापं घ्यायला मी गेले. एकेक पाऊल फूटपट्टीवर ठेवायचं, आकडा सांगायचा, मास्तर लिहून घ्यायचे. शेवटी आली झांजवाली. पुढचा दात हलत होता आणि तोंड काही थांबत नव्हतं.

"काकू, माझे जुने बूट चावतात. नवे चावणार नाहीत ना?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. माप निघालं साडेतीन.

घरी आल्यावर मनाशी ठरवलं, बूट पायांत जाईपर्यंत रोज सकाळी प्रत्येक पोरासाठी एक मणी ओढायचा. पोरं त्रेसष्ट. जपाच्या माळेत त्रेसष्टाव्या मण्यापुढं लाल दोरा बांधून टाकला, म्हणजे गफलत नको.

सूनबाईनं सासऱ्यांना गळ घातली. "बाबा, कुठल्या मापाचे किती जोड, ते या वेळी मी काढते. पीएचपी या संगणकाच्या भाषेत त्यासाठी तयार सोय आहे. यादी दिली की एकच माप किती वेळा आलंय ते मोजून समोर मांडते."

"काढ. मी यादीला बोटही लावणार नाही," हे म्हणाले. "बरोबर आलं तर टेबलाचा अर्धा हात तुझा. चुकलं तर माझी वही आणि माझ्या उभ्या रेघा. पुन्हा हा विषय नको."

गुरुवारी सकाळी माझं मणी ओढणं चालू होतं, तेवढ्यात सूनबाई खोक्यावरून उठली. चेहरा नुसता फुललेला.

"झालं, बाबा! लिहून घ्या. दोन नंबर, नऊ जोड. तीन नंबर, सतरा. चार नंबर, चौदा. पाच नंबर, आठ."

"बस्स? चारच मापं?" ह्यांनी कातड्यावर नजर फिरवली. "मग बरंच उरतंय की! आधी मास्तरांचे पट्टेच काढून टाकतो." आणि रापीला धार लावायला बसले.

सूनबाई वाचत होती तशी मी सवयीनं पुन्हा पहिल्या मण्यापासून एकेका जोडाला एकेक मणी ओढत गेले होते. ती थांबली, मी थांबले, आणि लाल दोरा अजून लांबच होता. मधे पंधरा मणी नुसते लोंबत होते.

"अहो, थांबा," मी म्हटलं. दगडावर रापी खरखरत होती. "अहो!" खर्र, खर्र. माझा आवाज मुळातच बेताचा. शेवटी उठून माळ सरळ त्यांच्या दगडावर ठेवली.

"आता काय झालं?"

"झांजवाली कुठंय?"

"कोण झांजवाली?"

"साडेतीन नंबरची. सूनबाईनं साडेतीन वाचलंच नाही. अडीच नाही, साडेचार नाही. पंधरा पोरं अनवाणी चाललीत तुमच्या बँडमध्ये."

सूनबाईचा चेहरा उतरला. तिनं यादी पुन्हा उघडली, कुठंतरी काहीतरी चालू केलं, आणि पडद्यावर इशाऱ्यांच्या ओळी भराभर उतरल्या. मोजल्या तर बरोबर पंधरा.

"आई गं! ही सोय फक्त पूर्ण आकडे आणि अक्षरं मोजते. अपूर्णांक दिसला की इशारा देऊन पुढं जाते."

"मग तो इशारा दिसला कसा नाही?" ह्यांनी विचारलं.

ती खोक्याकडे बघत बोलली. "मीच इशारे बंद करून ठेवले होते. तुमच्यासमोर पडद्यावर चुका झळकायला नकोत म्हणून."

माळ उचलून मी जागेवर बसले. मला वाटलं, गेलं पोरीचं टेबल.

"आता दुरुस्त कसं करणार?" हे म्हणाले.

"सगळी मापं मोजायच्या आधी अक्षरं म्हणून द्यायची. एका ओळीचं काम आहे." तिनं ती ओळ घातली आणि हळूच वाचलं, "दोन, नऊ. अडीच, तीन. तीन, सतरा. साडेतीन, सात. चार, चौदा. साडेचार, पाच. पाच, आठ." मी पुन्हा पहिल्यापासून मणी ओढत होते. शेवटच्या जोडाला बोट लाल दोऱ्याला टेकलं. माझा जीव भांड्यात पडला.

ह्यांनी रापी खाली ठेवली. मग डिंकाचा डबा उचलला, आरी आणि खिळ्यांची डबी सरकवली, फडक्यानं टेबलाचं टोक पुसलं.

"ठेव इथं ते यंत्र."

"पण बाबा, चुकलं होतं ना?"

"मोजणाऱ्यानं चूक सांगितली होती. तू त्याचं तोंड दाबलंस. माझ्या डोळ्यांसमोर राहिलीस म्हणजे पुन्हा दाबणार नाहीस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू जरा मोठ्यानं बोलत जा. अर्धा पट्टा कापला असता मी!"

संचलनाच्या रविवारी त्रेसष्ट जोड लाल बूट मैदानावर उतरले. ढोल जुन्या दोरीनंच बांधलेले होते, मास्तर आमच्याकडे बघून तोंड वाकडं करत होते. मी कडेला उभी राहून शेवटची माळ ओढत होते. झांजवाली समोर आली, मला बघितलं, आणि ताल सोडून एक झांज जास्तीची वाजवली. दात पडलेला होता. बूट चावत नव्हते.

"आई," सूनबाई कानाशी म्हणाली, "ती एक मोजायची का?"