ब्रेकवरचा आळ

मी डोंगरातली सायकल बोलतेय. जाड टायरांची, दगडधोंड्यांतून जाणारी. पण आधी मला एक सांगा, माझी कहाणी ऐकून तुम्हाला काय मिळणार? उगाच कोणी कोणाचं ऐकून घेत नाही, एवढं जग मी पाहिलंय.

संशय माझ्या अंगात पहिल्या दिवसापासून आहे. कारखान्यात ज्याने माझे नट आवळले, तो प्रत्येक नट आवळून झाल्यावर पुन्हा पिळून बघायचा. त्याचाच स्वतःच्या हातावर भरवसा नाही, तर मी कोणावर ठेवू? दुकानातलं तर विचारूच नका. विकणारा येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, ही खास तुमच्यासाठीच ठेवलीय. चार महिने मी तिथेच उभी होते.

शेवटी मला चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एकाने घेतलं. वय पंचेचाळीस, पोट जरा पुढे, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्यापासून मी दोन हात लांबच असते. त्याची मोठी बहीण त्याला अजून छोट्या म्हणते, म्हणून मीही छोट्याच म्हणते.

ताई एकावन्न वर्षांची, पण चढावर भल्याभल्यांना मागे टाकते. तिला डोंगरातल्या जोडीच्या शर्यतीत उतरायचं होतं. दोघांनी बरोबर निघायचं आणि बरोबरच पोहोचायचं, असा त्या शर्यतीचा नियम. तिची आधीची जोडीदारीण गाव सोडून गेली आणि ताईची दोन वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. मग तिने भावाला गळ घातली. तो हो म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणाला, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

शिकवायला एक तरुण कोच होता. दोघं त्याला सर म्हणत आणि तो छोट्याला काका म्हणे, ते छोट्याला मुळीच आवडत नसे. पहिल्याच दिवशी सरांनी माझी सीट खाली केली आणि टायरमधली हवा कमी केली. मला वाटलं, हा माणूस मला बिघडवायलाच आलाय. सीट खाली असली की उतारावर अंग मागे नेता येतं आणि कमी हवेचा टायर दगडाला धरून राहतो, हे मला मागाहून कळलं. सर सांगायचे, टाच खाली, नजर पुढे, ब्रेकवर एकच बोट. ताई एकदा ऐकायची आणि तसं करायची. छोट्या नुसती मान डोलवायचा.

तिसऱ्या आठवड्यात तो एकटाच सरावाला गेला आणि खडकाळ उतारावर पडला. चाकाखालचा एक दगड हलला, हा दचकला आणि पुढचा ब्रेक अख्ख्या मुठीने आवळला. माझं मागचं चाक उचललं गेलं. तो पुढे आणि मी त्याच्यावर. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण उठल्याउठल्या त्याने मला लाथ मारली. मेकॅनिककडे नेऊन म्हणाला, हिचा ब्रेक दगा देतो. मेकॅनिकने तीनदा तपासला, काही सापडेना. तरी याने ब्रेक बदलून घेतला, वर टायरही नवे घातले. नाचता येईना, अंगण वाकडं! त्या दिवसापासून तो माझ्यावर संशय घेई आणि मी त्याच्यावर.

आणि माझा संशय काही खोटा नव्हता. दुपारी दुकान बंद केलं की तो मला मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी उलटी उभी करी. सीट खाली, चाकं वर. मग स्टुलावर बसून एका हाताने माझं पेडल फिरवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. मीटर मागच्या चाकाला होता. तो बिचारा इमानेइतबारे किलोमीटर मोजत राही. त्याचा फोटो सरांना जाई आणि सर आणखी अवघड सराव लिहून पाठवत. रविवारी सगळे एकत्र डोंगरावर जात, नेमका तेव्हा याचा गुडघा दुखे. ताई फोनवर कौतुकाने म्हणायची, छोट्या तर माझ्याही पुढे गेला. हा हसायचा. पेडलवरचा त्याचा हात मात्र घामाने ओला असे. मी त्याला आळशी म्हणून मोकळी झाले. बसल्या जागी घाम कशाचा येतो, हा विचार मी केला नाही, ते माझं चुकलंच.

नावं पक्की करायच्या दिवशी सर आणि ताई दुकानात आले. ताई सरळ मागच्या खोलीत आली आणि मशीनला टेकून उभी राहिली. सर माझ्याजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी टायरवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, दगडमातीत फिरलं की ते झडून जातात. माझे सगळे जागच्या जागी होते.

"काका, या नव्या टायरांवर चारशे किलोमीटर झालेत ना?"

"थोडे जास्तच असतील."

"मग हे केस कसे राहिले?"

छोट्याने तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा माझ्या ब्रेकचं रडगाणं. पण त्याची नजर ताईकडे गेली आणि तो मटकन स्टुलावर बसला.

"ताई, मी पडलो होतो. ब्रेकचा दोष नव्हता, मीच घाबरलो. तेव्हापासून त्या उतारावर मी गेलेलोच नाही."

खरं सांगते, मला भरून आलं. इतके दिवस अंगावर वागवलेला आळ एका वाक्यात उतरला. पण ताईचा चेहरा बघून माझा आनंद जागच्या जागी विरला.

"मला घाबरट भाऊ चालला असता रे," ती म्हणाली. "हाताला धरून उतरवला असता. खोटं बोलणाऱ्याला कसं उतरवू?"

सरांनी दोघांची नावं काढून टाकली. ताईचं हेही वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या मला त्या उतारावर घेऊन गेला. बसला नाही, मला धरून पायी उतरला. त्यानंतर सर रोज सोबत येऊ लागले. आधी दहा पावलं उतार, मग अर्धा. नवव्या दिवशी आम्ही सगळा उतार उतरलो. वाटलं, आता हा ताईला फोन करणार. त्याने केला नाही. "कोण विश्वास ठेवणार?" असं मलाच म्हणाला. माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलला होता.

शर्यत होऊन गेली. आज ताई आपणहून आलीय, सरांनीच तिच्या कानावर घातलं असणार. आम्ही उताराच्या माथ्यावर उभे आहोत. खरं तर तिने पुढे असायला हवं, पण तिने त्याला पुढे केलंय. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. बघू दे. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

छोट्याचं बोट ब्रेकवर आहे, एकच. पण बोटाची मूठ व्हायला कितीसा वेळ लागतो? छोट्या, माझी एवढीच विनंती आहे. पडायचं तर पड, थांबायचं तर थांब, पण तुझी भीती पुन्हा माझ्या माथी मारू नकोस.

मागून ताई हळूच विचारते, "भीती वाटतेय का रे?"

तो मागे वळून बघत नाही. "हो," म्हणतो, "खूप वाटतेय."

त्याचं हे बोलणं मात्र मला खरं वाटलं, कसलीही शंका न येता. निघते मी.