आगा नसलेला धाकटा

मी डावा बोलतोय. कुन्सुलूच्या स्कीच्या जोडीतला डावा. जोडीतला म्हणालो खरं, पण ती जोडी कुठं राहिलीय? उजवा गेला. त्याच्याबद्दलच सांगायचं आहे, म्हणून तोंड उघडलं. नाहीतर लाकडानं कशाला बोलावं?

आमच्या अल्ताईच्या डोंगरात थोरल्या भावाला आगा म्हणतात आणि धाकट्याला इनी. दोन वेगळे शब्द आणि दोन वेगळी कामं. सापारगाली म्हाताऱ्यानं एक देवदार पाडला आणि ओंडका उभा चिरला. पहिला सुटला तो उजवा. मी मागून सुटलो, तोही कुरकुरत. म्हणून तो आगा आणि मी इनी.

म्हाताऱ्यानं उकळत्या पाण्यात आमची टोकं वाकवली. मग तळाला घोड्याच्या पायाचं कातडं लावलं. त्या कातड्याचे केस मागं वळलेले लागतात. मग उतारावर स्की वाऱ्यासारखी जाते आणि चढावर केस बर्फात रुतून पाय धरून ठेवतात. उजव्याचं नीट लागलं. माझी पाळी आली तोवर सूर्य खिडकीवरून सरकला होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर तेव्हाच साय धरू लागली होती. त्यानं माझं कातडं उलटं ठोकलं.

पहिल्या दिवशी कुन्सुलू आम्हांला घेऊन टेकडी चढायला लागली, तर मी आपला मागं मागं घसरतोय. उजव्यानं मात्र पकडलं. तिचा सगळा भार घेतला, माझाही घेतला, पण मागं सरकला नाही. उतारावर मी गच्च अडलो आणि ती तोंडावर पडली. पापण्यांना बर्फ चिकटलेला, तशीच उठली.

"सापारगाली आगा, हा डावा उलट्या डोक्याचा दिसतो!"

"अगं, इनी आहे तो," म्हातारा म्हणाला, "धाकटे असेच असतात." आणि त्यानं कातडं उपटून पुन्हा सुलटं लावलं.

त्यानंतर अकरा हिवाळे आम्ही तिच्या पायांखाली होतो. थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते असल्या थंडीत गावातली माणसं शेगडीला बिलगून असायची आणि कुन्सुलू रोज सकाळी कड्याला ऊन लागलं की बाहेर पडायची. लाकडासाठी नाही, गुरांसाठी नाही. वरच्या काळ्या खडकाला हात लावून परत यायचं, एवढंच काम.

शेजारी दारातून ओरडायचे, "कुन्सुलू, वर काय ठेवलंयस गं रोज रोज?"

"माझे गुडघे ठेवलेत! घेऊन येते!"

ती म्हणायची, थंडीला बाहेर जाऊन भेटावं. बाहेर भेटली तर ती मैत्रीण, घरात शिरली तर चोर.

वर जाताना तिचा श्वास पांढरा व्हायचा, कानटोपीच्या कडेला बर्फाची झालर लागायची, गाल लाल व्हायचे. खडकापाशी ती खिशातला वाळवलेल्या दह्याचा खडा तोंडात टाकायची आणि उगाच हसायची. मग उतार. उतारावर मी पुढं असायचो. मला घाईच फार. उजवा मागून म्हणायचा, दमानं घे. बोलायचा म्हणजे काय, बर्फावर त्याचा सर्र असा आवाज यायचा, तो मला कळायचा.

त्या दिवशीही मीच पुढं होतो. डाव्या हाताला कुणीही न तुडवलेला कोरा बर्फ दिसला आणि मी तिकडं ओढ घेतली. उजवा सरळ चालला होता, तो माझ्यामुळं वळला. बर्फाखाली एक बुंधा होता. कट्ट असा आवाज झाला. एवढाच.

कुन्सुलूचा घोटा मुरगळला. तिनं उजव्याचे दोन्ही तुकडे पाठीला बांधले आणि एकट्या माझ्यावर आणि एका काठीवर, कमरेएवढ्या बर्फातून घरी आली. मी वाटभर त्याच्याकडं बघायचा प्रयत्न करत होतो. तो तिच्या पाठीवर होता. मला दिसला नाही.

तिनं ते तुकडे दाराशी लाकडांच्या ढिगावर ठेवले आणि झोपली. तिचा मुलगा गुरं घेऊन लांब हिवाळी तळावर होता. घरात फक्त सून, रौशान. शरद ऋतूत शहरातून लग्न होऊन आलेली. शहरात नळातून ऊब येते म्हणे. सकाळी तिनं ढिगावरचं वरचं लाकूड उचललं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मी सगळं बघितलं. कातडं जळलं की घाण वास येतो, म्हणून तिनं ते आधी ओढून काढलं. खिळे निघाले. मग एक तुकडा शेगडीत घातला. मग दुसरा.

"आपा, चहा कसा झालाय?" रौशाननं सासूला विचारलं.

"छान. आच आज वेगळी आहे. लाकूड कुठलं घातलंस?"

"ते दारातलं. मोडकी फळी होती ना, तिचे दोन तुकडे."

कुन्सुलूनं वाटी खाली ठेवली. शेगडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. सुनेच्या तोंडावरचा रंग उडाला, तिला तेवढ्यात कळलं.

"रडू नको," कुन्सुलू म्हणाली. "चांगलं वाळलेलं लाकूड होतं." आणि तिनं वाटी उचलून आमच्या डोंगरातला तो खारट चहा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

घोटा बरा झाला, पण ती बाहेर पडेना. कडा सोन्यासारखा व्हायचा, मी दाराकडं बघत राहायचो, ती शेगडीकडं बघत राहायची. गुडघे सुजले. बोलणं कमी झालं. शेजारी आता विचारतही नव्हते. थंडी घरात शिरली होती. आणि मी? ज्याला आगा नाही, तो इनी तरी कुणाचा? मला वाटायचं, मलाही घाला एकदाचं त्याच शेगडीत.

एक दिवस रौशान मला खांद्यावर टाकून गावाच्या दुसऱ्या टोकाला सापारगालीकडं गेली. चालत. तिच्या पापण्या बर्फानं चिकटल्या होत्या.

"एक पाय करत नाही मी," म्हातारा म्हणाला. "करतो ती जोडी. एकच बूट कुणी चांभाराकडून शिवून घेतं का?"

"आजोबा, ह्याचा भाऊ मी जाळला."

म्हाताऱ्यानं मला मांडीवर घेतलं. मग माझ्यावरून हात फिरवून म्हणाला, "कातडंपण जाळलंस?"

"नाही. वास येतो म्हणून..."

"मग अर्धाच जाळलास. जा, घेऊन ये."

त्यानं नवं लाकूड चिरलं, वाकवलं. पण खिळा त्याला दिसेना. कातडं रौशाननंच ठोकलं, जीव लावून, ओठ चावत. त्या कातड्यावर टाचेपाशी अंगठ्याएवढा टकला डाग होता. खडकावर घासून पडलेला. मी तो डाग ओळखला.

सकाळी तिनं आम्हांला दारात उभं केलं. म्हातारा रस्त्यात काठी टेकून बघत होता.

"हे कशाला?" कुन्सुलू आतूनच म्हणाली. "माझं झालं आता."

"मग मी जाते वर. पडले तर पडले." आणि रौशान उघड्या डोक्यानं आमच्यावर चढली.

"अगं वेडे, कान गळून पडतील! उतर! उतर म्हणते ना!" कुन्सुलू धावत बाहेर आली, तिला ढकललं आणि स्वतःचे पाय आमच्यात घातले.

पहिल्या चढावर नवा मागं घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. तिचा सगळा भार माझ्यावर आला. मी माझा एकूण एक केस बर्फात रोवला. लाकूड कण्हलं. मी सरकलो नाही.

ती वाकली, हातमोज्यानं नव्याचा तळ चाचपला, आणि हसायला लागली. किती दिवसांनी! हसता हसता श्वास पांढरा झाला, गाल लाल झाले.

"पोरी, उलटं ठोकलंस गं!"

"इनी आहे तो!" खालून म्हातारा ओरडला. "इनीचे केस उलटेच असतात!"

मग तिनं माझ्यावर थाप मारली. "आणि तू आगा झालास हं आता. नीट धर."

मला तो शब्द नको होता. तो त्याचा होता. पण दिला, तर घ्यावा लागतो.

कातडं सुलटं झालंय. आम्ही रोज काळ्या खडकापर्यंत जातो. परवा रौशानही शेजाऱ्यांच्या स्कीवर मागून आली, चार वेळा पडून. तुमच्या दारात थंडी आली तर आत बसू नका, बाहेर जाऊन तिला भेटा. आणि मोडकं लाकूड विस्तवात घालण्याआधी एकदा विचारा, हे कुणाचं कोण आहे.

नवा उतारावर घाई करतो. मी त्याला म्हणतो, दमानं घे. तेव्हा माझ्यातून सर्र असा आवाज येतो आणि मी दचकतो.

आगा, चढाच्या तोंडाशी मी अजून क्षणभर थांबतो. पहिलं पाऊल तू टाकायचास.