चावरी निकिता

मला गोड बोलता येत नाही. नवरा म्हणतो, मास्तरीण झालीस ते बरं झालं, फौजदार झाली असतीस तर तालुका रिकामा केला असतास. तरी त्या मंगळवारी मी पंधरा मिनिटं तोंड मिटून ऐकून घेतलं, कारण चूक माझ्याच वर्गातल्या पोरीची होती. पहिलीतल्या निकितानं योगीराजच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता, आणि योगीराज म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष परमेश्वरराव यांचा एकुलता एक.

"ह्या महिन्यातला चौथा चावा हाय," परमेश्वरराव टेबलावर हात आपटत म्हणाले. "लेकरू हाय का कुत्रं? दाखला देऊन टाका हिचा."

"आपल्याला नाव काढता येत नाही. कायदा आहे."

"तुमी कुठं काढायलाव? हिची आजीच मागायली."

अर्ज त्यांनी लिहूनच आणला होता. दारात उभ्या असलेल्या सुमनबाईंचा अंगठा तेवढा राहिला होता. निकिताची आई दीड वर्षापूर्वी घर सोडून गेली ती परत आलीच नाही, बाप पुण्यात, पोरीला ही आजीच सांभाळते. दुसरी शाळा बोरीला, सात किलोमीटरवर. दाखला म्हणजे पोरगी घरी बसणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"देते अंगठा, मॅडम," सुमनबाई म्हणाल्या. "रोज कुणी ना कुणी दारात येऊन शिव्या द्यायलंय. मी तरी किती ऐकू?"

मी निकिताला बाजूला घेतलं. आवाज चढलाच माझा. "का चावलीस गं त्याला?"

"त्यानं माझ्या आयचं म्हणलं. मी चावले. पण बिस्कुट न्हाई दिलं त्यानं."

"कसलं बिस्किट?"

"चावल्यावर देतेत ते."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेच्या वाटेवर परमेश्वररावांचंच चहाचं हॉटेल आहे. निकिता दिसली की बाकड्यावरचं कुणीतरी हात पुढे करून म्हणणार, "निके, तुझ्या आयनं दुसरी लेक केली म्हणं!" पोरगी चवताळून त्या हाताला चावणार, बाकडं खदाखदा हसणार, आणि "वाघीण हाय वाघीण" म्हणत परमेश्वरराव बरणीतून बिस्किट काढून देणार. मी रोज तिथंच चहा घ्यायचे. एकदा मीही हसले होते.

"तिला चावायला तुम्हीच शिकवलंत," मी म्हणाले. "वर बक्षीस लावलंत. आता स्वतःच्या लेकराला लागलं तेव्हा कळ आली होय?"

"लोक गंमत करतेत. लेकराची गंमत बी करू न्हाई का?" परमेश्वरराव उसळले. "ठीक हाय. आठ दिवस देतो. एक जरी चावा झाला, कुणाला बी, तर अंगठा घेतो." अर्जाची घडी करून त्यांनी ती खिशात घातली.

दुसऱ्या दिवसापासून मी तो चहा सोडला आणि सकाळी निकिताला तिच्या घरून आणू लागले. राग आला की माझा पदर धरायचा, पिळायचा, हवा तर फाडायचा, पण दात लावायचे नाहीत, एवढंच तिला शिकवलं. आठवड्यात दोन साड्यांचं वाटोळं झालं. हॉटेलावरून जाताना बाकड्याकडं मी अशी बघायचे की कुणी हूं की चूं केलं नाही.

आठव्या दिवशी परमेश्वरराव स्वतः पायरी उतरून आडवे आले. सदऱ्याची बाही वर केली आणि हात थेट पोरीच्या तोंडाशी धरला.

"निके, तुझी आय येणार हाय म्हणं. नव्या लेकीला घेऊन. तुला न्हाई न्यायची."

पदर असा ओढला गेला की खांद्यावरची पिन तुटली. मला वाटलं, आता मीच चावते ह्या माणसाला. निकिता त्या हाताकडं बघत होती. आणि मग तिनं भोकाड पसरलं. आई गेल्यापासून ह्या पोरीला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. "आय, आय" करत ती मातीत बसली. बाकड्यावर कुणी हसलं नाही, एक जण तर उठून निघूनच गेला.

मी हात पुढे केला. "अर्ज द्या."

परमेश्वररावांनी घडी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता.

"बिघडवली की मॅडम तुमी पोरगी," ते म्हणाले. "लय चांगली होती."